'सेफ्टी टँक' आणि दोनशे फुटांचा पाइप

विषय वाचून नाक मुरडू नका! मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मॅडम मागे लागल्या, तेव्हा मी आधी 'पाऊस' आणि 'आई' हे दोन विषय सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यावर अकरा लेख आलेत. तू सिव्हिलची ना? मग सिव्हिलचं काहीतरी लिही." म्हणून हा लेख संडासच्या टाकीवर आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. गणित मात्र तपासून पाहा, त्यात चूक निघाली तर जरूर सांगा.

सुरुवात आमच्या घरापासून करते. आमचं घर सेलूला, जुन्या गल्लीत आहे. गल्ली एवढी अरुंद की समोरून मोटारसायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घराच्या मागे परसात संडासची टाकी आहे. आमच्याकडे तिला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. भिंतींवर जाहिरातीसुद्धा तशाच रंगवलेल्या असतात, "सेफ्टी टँक साफ करून मिळेल". मीसुद्धा आठवीपर्यंत तेच खरं समजत होते. खरा शब्द 'सेप्टिक', म्हणजे कुजवणारा. पण 'सेफ्टी'च तोंडात बसलंय. यात केवढा विरोधाभास आहे ते पुढे कळेलच.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते आणि टाकी तुंबली. बाबांनी गाडी बोलावली. गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबली, गल्लीत येणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हरमामांनी आत येऊन टाकी पाहिली, पावलं मोजली आणि म्हणाले, "सर, माझा पाइप शंभर फुटाचा. हे तर पावणेदोनशेच्या वर भरतंय. पुरत नाही."

मग त्यांनीच उपाय सांगितला. बरोबर दोन पोरं होती, साधारण माझ्याच वयाची. "हे दोघं उतरतील आत. बादलीनं काढतील, गाडीपर्यंत नेऊन टाकतील. वरचे पैसे त्यांना द्या." एकानं चपला काढून बाजूला ठेवल्यासुद्धा. दुसरा दोरी सोडवत होता.

बाबा "बरं" म्हणणारच होते. मी शेजारीच उभी होते, आणि खरं सांगते, गप्प उभी होते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क आहेत. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की वास येतोय, लवकर संपू दे.

बोलली ती आजी. ती चौथीपर्यंत शिकलेली. दारातूनच म्हणाली, "माझ्या परसात कुणाचं लेकरू त्या खड्ड्यात उतरायचं नाही. पाइप पुरत नाही तर पाइप आणा. आज नाही तर उद्या आणा. तोवर आम्ही शेजारी जाऊ."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरमामा ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याकडून आणखी शंभर फूट पाइप घेऊन आले. जोडला, आणि अर्ध्या तासाच्या आत टाकी रिकामी! कुणालाही आत उतरावं लागलं नाही. आजीनं दोन्ही पोरांना पोहे दिले.

त्या रात्री मला झोप लागेना. कारण 'पाइप पुरत नाही' हे वाक्य ऐकल्यावर त्याचं उत्तर एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं द्यायला हवं होतं. म्हणून हा अभ्यास.

टाकीत नेमकं काय असतं?

सेप्टिक टँकमध्ये मैला आणि पाणी येतं आणि साधारण एक-दोन दिवस तिथं थांबतं. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेल-चरबीसारखा हलका भाग वर तरंगून साय धरतो. मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. तळातला गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. पण सगळाच गाळ संपत नाही, तो साठत जातो. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा टाकी उपसावी लागते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. परभणीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी सहज जिरू देत नाही. शोषखड्डा घेईनासा झाला की लोकांना वाटतं टाकी भरली. तेव्हा टाकी उपसण्याआधी शोषखड्डाही बघावा.

आता महत्त्वाचं. कुजताना वायू तयार होतात. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा सगळ्यात घातकी. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि खाली साठून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की आपलं नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, "चला, वास गेला, आता उतरायला हरकत नाही." पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हजाराच्या जवळ एक-दोन श्वास पुरतात. शिवाय बंद टाकीत ऑक्सिजनही कमी झालेला असतो. आपल्या हवेत तो जवळपास २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात.

आणखी एक गोष्ट. शांत टाकीत बराचसा वायू गाळात आणि सायीखाली अडकलेला असतो. माणूस आत उतरून गाळ ढवळतो तेव्हा तो एकदम सुटतो. म्हणजे झाकण उघडून तासभर ठेवलं तरी टाकी 'सेफ्टी' होत नाही.

काही ठिकाणी जुन्या विहिरीत सोडतात तसा कंदील किंवा पेटता कागद टाकीत सोडून बघतात. हे तर मुळीच करू नका! हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका असला तरी दिवा जळत राहू शकतो. आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होतो.

सोनपेठ

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. ११ मे २०२३. सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात शेतातली एक सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. सहावा अत्यवस्थ होता. ते एकमेकांचे नातेवाईक होते, आणि त्यांत आपल्या वयाची मुलंही होती.

अशा बातम्यांमध्ये मरणारे एकापेक्षा जास्त का असतात, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. उत्तर साधं आहे. पहिला पडतो. वरचा हाक मारतो, उत्तर येत नाही. तो त्याचा भाऊ असतो, बाप असतो, मामा असतो. तो विचार न करता उतरतो. खाली हवा तीच असते. मग तिसरा उतरतो… म्हणून लक्षात ठेवा, कुणी टाकीत पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला फार अवघड आहे, हे मला कळतं. पण ११२ किंवा अग्निशमनचा १०१ लावा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, वरून दोरी टाका, ब्लोअर असेल तर ताजी हवा आत सोडा. श्वासाचं उपकरण घातलेल्या माणसानंच खाली जावं.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. २०१३ च्या कायद्यानुसार गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायक पद्धतीनं सफाईला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फक्त नगरपालिकेला लागू नाही, कुणाही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे आमच्या परसात त्या दिवशी ते पोरगं उतरलं असतं तर गुन्हेगार बाबा झाले असते! अशा मृत्यूसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या आणि गरिबांच्याच वाट्याला का येतं, हा प्रश्न कोर्टाच्या रकमेनं सुटत नाही. पण निदान आपण 'बरं' म्हणायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आता गणित : पाइप किती लांब चालतो?

गाडीवरचा पंप मैला 'ओढत' नाही. तो गाडीच्या टाकीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मैल्याला पाइपातून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीएवढा. आपली परभणी साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर, म्हणून इथं तो ९.९ मीटरच्या आसपास. पूर्ण निर्वात काही होत नाही. समजा गाडीच्या गेजवर ५०० मिलिमीटर पाऱ्याचा व्हॅक्यूम दिसतोय. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणजे ६.८ मीटर पाणी.

टाकीचा तळ जमिनीखाली २ मीटर आणि गाडीचं तोंड जमिनीवर दीड मीटर धरू. चढ झाला साडेतीन मीटर. उरले ३.३ मीटर. एवढं बळ पाइपातल्या घर्षणावर खर्च करायला आपल्याजवळ आहे.

इथं आपले डार्सी-वाइसबाख साहेब येतात. घर्षणाचा तोटा = घर्षणांक × (लांबी ÷ व्यास) × (वेगाचा वर्ग ÷ १९.६). घर्षणांक ०.०३ धरू, पाइप तीन इंची म्हणजे ७५ मिलिमीटर, टाकी ४००० लिटरची.

शंभर फूट (३० मीटर) पाइप : वेग सेकंदाला २.३ मीटर, प्रवाह सेकंदाला सुमारे १० लिटर. वेळ साडेसहा मिनिटं.

दोनशे फूट (६० मीटर) पाइप : वेग १.६ मीटर, प्रवाह सुमारे ७.३ लिटर. वेळ ९ मिनिटं.

तीनशे फूट (९० मीटर) पाइप : वेग १.३ मीटर, प्रवाह सुमारे ५.९ लिटर. वेळ ११ मिनिटं.

बघा! पाइपाची लांबी दुप्पट झाली म्हणून वेळ दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमूळाएवढा, म्हणजे १.४ पट होतो. हे पाण्याचं गणित आहे. गाळ दाट असतो, म्हणून तिप्पट वेळ धरा. तरी शंभर फुटाला वीस मिनिटं, दोनशे फुटाला अठ्ठावीस. फरक आठ मिनिटांचा! त्या आठ मिनिटांसाठी आणि पाइपाच्या एका जादा गुंडाळीसाठी आम्ही एका मुलाला खाली पाठवणार होतो.

खरी गंमत व्यासात आहे. त्याच दोनशे फुटाला दोन इंची पाइप लावला तर (पाण्याच्या हिशेबानं) ९ ऐवजी २५ मिनिटं लागतात. चार इंची लावला तर साडेचार. म्हणून लांब अंतराला बारीक पाइप जोडून वेळ मारून नेऊ नये.

पाइप जोडताना

पहिली गोष्ट, बागेचा मऊ पाइप चालत नाही. आतून व्हॅक्यूम लागला की तो चपटा होतो. मोटारीला लावतात तसा, आत कडक वेटोळं असलेला सक्शन पाइपच हवा.

दुसरी, जोड. जोडातून हवा शिरली की व्हॅक्यूम पडतो आणि सगळे म्हणतात 'लांब पाइपानं ओढत नाही'. दोष लांबीचा नसतो, जोडाचा असतो. सूं… असा आवाज येतो का ते ऐका. वायसर बदला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधा.

तिसरी, गाळ घट्ट बसला असेल तर वरूनच लांब बांबूनं हलवा, किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारा. बऱ्याच गाड्यांचा पंप उलटा चालवून थोडं पाणी परत टाकीत सोडता येतं, त्यानंही गाळ सैल होतो. टाकीची सगळी झाकणं उघडा, तोंडावर वाकू नका, जवळपास विडी-काडी नको आणि लहान मुलांना लांब ठेवा. तळाशी थोडा गाळ राहू द्या, त्यातले जिवाणू पुढच्या कामाला लागतात.

आणि अंतर फारच जास्त असेल तर?

माझे मामा अमेरिकेत असतात. त्यांनी एकदा सुट्टीत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी भाड्यानं घेतली होती. मी माझी कथा फोनवर सांगितली तर हसायला लागले. म्हणाले, "अगं, ती टाकी मी स्वतः रिकामी केलीय!" त्या गाडीखाली दोन टाक्या असतात, एक संडासची आणि एक अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची. आधी संडासची सोडायची आणि मागून साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. ज्यांची स्वतःची अशी गाडी असते ते घरीच लांब पाइप लावून अंगणातल्या ड्रेनेजच्या तोंडात टाकी सोडतात. पाइपाला मीटरमागे दोनेक सेंटिमीटर उतार द्यायचा, मध्ये कुठं झोळ पडू द्यायचा नाही. आणि ड्रेनेज लांब किंवा उंचावर असेल तर एक छोटा पंप लावतात. तो मैला दळून पातळ करतो आणि इंचभर जाडीच्या पाइपातून पुढे ढकलतो.

यात आपल्यासाठी धडा आहे. ओढण्याला दहा मीटरची मर्यादा आहे, ढकलण्याला नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे कधीचं माहीत आहे. विहिरीच्या काठावरची मोटार वीस-पंचवीस फुटांच्या खालचं पाणी उचलत नाही, म्हणून मोटार खाली सोडतात किंवा पाणबुडी बसवतात. तसंच इथं. गाळासाठीचा पाणबुडी पंप दोरीनं टाकीत सोडायचा (आतल्या वायूमुळे ठिणगी न उडणारा, चांगल्या अर्थिंगचा), तो मैला गाडीपर्यंत ढकलतो. पंप खाली उतरतो, माणूस वर राहतो.

उपसल्यावर कुठं?

ओढ्यात रिकामी केलेली गाडी म्हणजे काम अर्धवटच. आपले ओढे दुधनेला, पूर्णेला मिळतात आणि शेवटी सगळं गोदावरीत जातं. सातारा जिल्ह्यातल्या वाईनं २०१८ मध्ये चांगली सुरुवात केली. टाकी तुंबायची वाट न बघता प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या पाळीनं उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हीच वाट धरली. यात खरा फायदा असा की घाई नसते. घाई नसली की 'उतरा आत' असं कुणी म्हणत नाही.

हॉस्टेलवाल्यांसाठी दोन शब्द

हे आपल्याला लागू नाही असं समजू नका. पाइप बहुतेक वेळा तुंबतो तो मैल्यानं नाही, आपण टाकलेल्या वस्तूंनी. शाम्पूची पाकिटं, पुड्या, ब्लेड, कापड. आणि लाजत नाही, लिहितेच, सॅनिटरी नॅपकिन. पाइपाचं तोंड बुजलं की कुणीतरी म्हणतं, "एक जण उतरून हातानं काढ." म्हणजे आपण फ्लश केलेली वस्तू कुणाच्या तरी हातात जाते, कधी त्याच्या जिवावर जाते. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा आणि रद्दी पेपर ठेवला तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

रेक्टर सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. आपल्या हॉस्टेलची टाकी कुठे आहे, तिची झाकणं किती, रस्त्यापासून अंतर किती आणि शेवटचा उपसा कधी झाला, हे ऑफिसात लिहून ठेवावं. गाडी बोलावताना पहिला प्रश्न 'किती घ्याल?' नको, 'पाइप किती फूट आहे?' हा असू दे. मोजायला आम्ही सर्व्हेइंगची टेप घेऊन येतो, तेवढंच प्रॅक्टिकल होईल!

घरी मी हे काम करून आले. परसाच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलंय, "टाकी इथे. रस्त्यापासून १८० फूट. पाइप दोनशे फुटाचा आणणे. आत उतरू नये." शेवटची ओळ आजीनं सांगितली. ती म्हणाली, मोठ्या अक्षरात लिही, आणि 'सेफ्टी' कुठंच लिहू नको.